ओल्या सकाळी गाडी चालू होत नाही

आमच्या गावातून सकाळी लवकर यवतमाळ गाठायचं तर सांगण्यापुरते तीन मार्ग आहेत. पहाटेची बस होती, ती बंद झाली. का, तर म्हणे प्रवासी नाहीत. मग रोज थांब्यावर उभे राहायचो ते कोण होतो? शेळ्या? दुसरा मार्ग काळी-पिवळी जीप. सकाळी त्या सगळ्या दारव्ह्याकडे तोंड करून उभ्या असतात. यवतमाळकडची एखादी भरून हलेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. तिसरा मार्ग म्हणजे आमच्या घरची जुनी पांढरी गाडी. ती ओल्या सकाळी चालू होत नाही.

बसवर मी पत्रक काढलं होतं. पत्रक लिहिणं हेच माझं खरं शिक्षण. कॉलेजात असल्यापासून एका संघटनेत काम करते. वर मागणी, खाली मुद्दे, आणि शेवटी जबाबदार कोण ते मोठ्या अक्षरात. याची अशी सवय लागते की घरात दूध नासलं तरी जबाबदार कोण हे डोकं आधी शोधतं. गेल्या पावसाळ्यात मात्र गाडीला जबाबदार कोण हे कळायला भाद्रपद अर्धा सरावा लागला, आणि कळलं तेव्हा पत्रक कोणाविरुद्ध काढायचं हेच कळेना.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवारी आणि गुरुवारी तिला यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागतं. तालुक्याला मशीन नाही. यावरही माझं पत्रक आहे, ते अजून भिंतींवर आहे, मशीन नाही. आईला सकाळची पहिली पाळी मिळाली होती. नियम साफ होता: पाळी सुरू व्हायच्या आत पेशंट आला नाही तर बेड बाहेर बसलेल्याला. बाहेर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. पोळ्यानंतरच्याच आठवड्यात आम्ही एकदा चुकलो. तिथला टेक्निशियन पोरगा चांगला होता, पण त्यानं तोंडावर सांगितलं, "ताई, अजून एकदा असं झालं तर सकाळची पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. मग जेव्हा मिळेल तेव्हा."

जेव्हा मिळेल तेव्हा याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. त्या चुकलेल्या वेळी पुढचा नंबर लागेपर्यंत आईच्या अंगात पाणी भरलं. पाय असे सुजले की जोडव्यांच्या खाली रेघ उमटली. आडवी झाली की तिला श्वास लागेना, म्हणून ती भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपली आणि बाबा तिच्यासमोर बसून राहिले. आता सारं त्या गाडीवर होतं. आणि ती चालवणारी घरात मी एकटी.

गाडी आमच्याकडे आली ती बैलजोडी गेल्यावर. आईचं सुरू झालं आणि बाबांनी बैल विकले. वर्षातून थोडे दिवस लागणाऱ्या जोडीसाठी चारा-पाणी करायचं, की आठवड्यातून दोनदा लागणारी गाडी घ्यायची, हा हिशेब त्यांनीच केला. कोणी भरीस घातलं नव्हतं. जोडी गेल्यावर गोठा रिकामा झाला, तर गाडी गोठ्यातच लावायची असं ठरलं. ती अजूनही दावणीकडे तोंड करून उभी असते. पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, तिन्ही बाजूंनी कुडाच्या भिंती. पावसाळ्यात तिथं इतकी ओल असते की काड्यापेटी विसरली तर दुसऱ्या दिवशी काडी पेटत नाही.

बाबा गाडी शिकले नाहीत. मी शिकवायला बसवलं होतं एकदा. चार हात गेले आणि उतरून आले.

"बैलाले हाक मारली की आयकते. ह्याले काय कान हायेत?"

"पाय ठेवायचा बाबा, हाक नाही मारायची."

"तेच म्हणतो. तूच चालव."

म्हणून मीच चालवते. पुसदला संघटनेचं पूर्णवेळ काम घेशील का, असं वरून विचारलं होतं. मी दोनदा हो म्हटलं आणि दोनदा नाही कळवलं. सोमवार-गुरुवार बांधलेले असताना माणूस कुठं जाणार? बाकीचे वार मोकळे असतात असं लोकांना वाटतं. नसतात. बुधवारी संध्याकाळपासून ढगांकडे बघणं सुरू होतं.

आषाढात गाडी चांगली होती. धो धो पाऊस, तरी चोक ओढला, किल्ली फिरवली, की दोन ठसके देऊन चालू. पोळा झाला आणि बिघडली. कोरडी सकाळ असेल तर काही नाही. रात्री पाऊस झाला असेल, किंवा नुसतं धुकं असेल, की संपलं. सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन पकडत नाही. पेट्रोलचा वास येतो. आणखी मारलं तर बॅटरी बसते. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन, शाल लपेटून बसलेली. आरशात मला तिचे डोळे दिसायचे. ती काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गावात गाडी चालू होत नाही म्हटलं की प्रत्येक जण मिस्त्री होतो. शेजारचे काका सकाळी दात घासत येऊन कुडाला टेकायचे.

"पेट्रोलमंधी पाणी हाये, मी सांगतो तुले."

"मग दुपारी पाणी कुठं जातं काका?"

"वाफ होते ना!"

काकू म्हणाल्या नजर लागली, गावात पोरगी गाडी चालवते म्हटल्यावर लागणारच. आणखी कोणी म्हटलं, इंजिनावर रात्री घोंगडं टाकत जा, तिले थंडी लागते. ते मात्र मी केलं. घोंगडं टाकलं. सकाळी घोंगडंही ओलं आणि गाडीही ओली. धक्का मारून पाहिला. गल्लीतल्या चिखलात चार माणसं घोट्यापर्यंत रुतली, गाडी उतारावरून गेली, थांबली, आणि तिथून परत आणायला बारा माणसं लागली.

दारव्ह्याच्या मिस्त्रीकडे नेली. दुपारी. मिस्त्रीनं किल्ली फिरवली आणि गाडी एका फटक्यात चालू. असं लाजिरवाणं वाटलं मला, जसं काही मीच खोटी तक्रार घेऊन आले.

"ताई, गाडी एक नंबर हाये."

"सकाळी होत नाही."

"मंग सकाळी आणा ना."

"सकाळी चालू होत नाही म्हणून तर दुपारी आणली!"

तो हसला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. जे दिसत नाही ते तो काय दुरुस्त करणार? त्यानं प्लग बदलले, बॅटरी बदलायला लावली. नव्या बॅटरीनं एवढंच झालं की सेल्फ जास्त जोरात फिरू लागला. पकडणं तेच, शून्य.

ज्या सकाळची ही गोष्ट आहे ती गुरुवारची होती. रात्रभर रिपरिप. आम्ही अंधारातच उठलो. वीज गेलेली. आईला हात धरून आणलं, मागे बसवलं. मी चोक ओढला, किल्ली फिरवली. कुर्र कुर्र कुर्र. थांबले. पुन्हा. पेट्रोलचा वास. बाबा दावणीपाशी दुपट्टा डोक्यावर घेऊन उभे.

"होईन का?"

"माहीत नाही."

"बैल असता तर उठला असता."

त्या क्षणी मला इतका राग आला की काय सांगू. बैल विकले तेव्हा मी विका म्हटलं होतं का? बस मी बंद केली? यवतमाळ मी लांब नेऊन ठेवलं? स्टिअरिंगवर हात आपटला तर हॉर्न वाजला आणि मागे आई दचकली. तिला धाप लागली होती आधीच. उतरून पळावंसं वाटलं. कुठं पळणार? गोठ्याच्या बाहेर पाऊस, आणि पावसाच्या पलीकडे तोच रस्ता, ज्यावर बस नाही.

मग एक आठवलं. मोबाईलवर मी या दुखण्याचे व्हिडिओ पाहत असायची. एकात एक माणूस म्हणत होता, करंट गळतो का पाहायचं असेल तर अंधारात बॉनेट उघडून पाहा. उजेडात ते दिसतच नाही. आणि मी आजवर बॉनेट उघडलं ते मोबाईलचा टॉर्च लावून.

बाबांना मी स्टिअरिंगपाशी बसवलं. "मी फिरवा म्हटलं की किल्ली फिरवायची. सोडा म्हटलं की सोडायची. बाकी कशालाच हात लावायचा नाही."

"बैलाले सांगते तसं सांगून राह्यली मले," बाबा म्हणाले, पण बसले.

मी बॉनेट उघडलं. काळोख. "फिरवा."

आणि दिसलं. इंजिनाच्या बाजूला एक काळी टोपी असते, तिच्यातून जाड वायरी निघून प्लगांना जातात; करंट वाटून देणारी टोपी ती. त्या टोपीवर आणि वायरींवर निळ्या मुंग्या पळत होत्या. टिक टिक टिक असा बारीक आवाज. जो करंट प्लगला जायचा तो बाहेरूनच सरपटत लोखंडात उतरत होता. बघायला सुंदर होतं ते, खोटं कशाला सांगू.

"सोडा!"

आता मोबाईलचा उजेड मारला आणि टोपीवर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. धूळ बसून काळपट झालेला थर, आणि खरवडला तर खाली पिवळं. नाकाशी नेलं. तूप. तूप आणि हळद. टोपीवर, वायरींवर, ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलच्या मानेवर, सगळीकडे बोटांनी निगुतीनं चोळलेलं. तुपानं धूळ धरली होती, धुळीनं ओल धरली होती, आणि ओलीवरून करंट पळत होता. दुपारी सगळं वाळायचं आणि गाडी साळसूद व्हायची.

"हे कोणी लावलं?"

पत्र्यावर पाऊस.

"बाबा, कोणी लावलं?"

"खांद शेकली म्या," बाबा म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी करतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तिथं तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि उद्या आमच्याकडे जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. बाबांच्या आयुष्यात ती संध्याकाळ कधी रिकामी गेली नव्हती. त्या वर्षी गोठ्यात बैल नव्हते. त्या संध्याकाळी मी पोस्टर लावायला गेले होते; मागे बाबांनी वाटी घेतली आणि जे होतं त्याची खांद शेकली. नुसत्या पत्र्यावर हळद लावून चालणार नव्हतं त्यांना. त्यांनी आधी मिस्त्रीला विचारून ठेवलं होतं, गाडीचा सगळा जोर कुठून निघतो. मिस्त्रीनं त्या टोपीवर बोट ठेवलं होतं.

आणि त्याच मिस्त्रीनं नंतर दोनदा बॉनेट उघडलं. मी तर कितीदा. शेजारच्या काकांनी, पेट्रोलवाल्यानं, सगळ्यांनी. पिवळं सगळ्यांना दिसलं असणार. पण आपल्याकडे कोणत्या गाडीवर हळद-कुंकू नाही? बॅटरीवर असतं, स्टिअरिंगवर असतं, टायरवर असतं. पिवळं दिसलं की आपली नजर पुढे सरकते. ते कोणी तपासत नाही, आणि पुसत तर नाहीच.

तरी मी बोलले. फार बोलले. अंधश्रद्धा, अडाणीपणा, आईच्या जिवाशी खेळ, सभेत बोलते तसं सगळं, आवाज चढवून, गोठ्यात. समोर ऐकायला दोन माणसं, एक स्टिअरिंगला धरून बसलेला आणि एक धापा टाकत.

मागून आई म्हणाली, "तूप मीच देल्लं वाटीत. आता भांडता, का निघता?"

मी बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, पेट्रोलच्या बाटलीत कोपरा बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. "मी वायरी काढते. तुम्ही पुसा."

कोणती वायर कुठं जाते याचा आधी फोटो काढून घेतला आणि एकेक काढून दिली. बाबा उतरून आले, पण हातात वायर धरून तसेच उभे.

"पुसा ना बाबा."

"हळद पुसत असतात का?" ते म्हणाले. हळू म्हणाले, मला ऐकू येईल इतकंच. आणि मागच्या सीटकडे त्यांनी पाहिलं नाही.

तेव्हा मला कळलं ते कशाला भीत होते. आणि माझ्या एकाही पत्रकात त्याला उत्तर नव्हतं. बायको आत श्वासासाठी ताटकळत बसली आहे आणि तिलाच न्यायच्या गाडीची हळद पुसायला सांगतायत; तो अपशकुन तिच्यावरच यायचा. उजाडायला लागलं होतं. वेळ जात होता.

आईलाही ऐकू गेलं होतं. तिनं काच खाली केली. श्वास घेत घेत, तोडून तोडून बोलली. "माह्या कपायावरची नाही पुसून राह्यले तुमी. गाडीची हाये. पुसा. जोर लावून पुसा."

बाबांनी पुसली. जशी बैलाची पाठ घासतात तशी, लांब हात मारून. वायरी, कॉइल, टोपीची बाहेरची बाजू, मग उलटी करून आतली. आतही ओल धरली होती. कोरड्या फडक्यानं निघेना.

"तव्यावर ठेव," आई आतून म्हणाली. "तवा तापव, गॅस बंद कर, मंग ठेव. पापड नको करू तिचा."

बॉनेट तसंच उघडं ठेवून मी चुलीघरात पळाले. पेट्रोल पुसलेली टोपी आधी उंबऱ्यावर वाऱ्याला धरली, वास गेल्यावर कोमट तव्यावर पालथी ठेवली. एवढ्या हलक्या हातानं मी आयुष्यात पोळीही शेकली नसेल. हाताला गरम लागली तशी उचलली, परत आले, फोटो पाहून एकेक वायर बसवली. चोक. किल्ली. गाडी खोकली, आणखी एकदा खोकली, आणि चालू झाली. गोठा धुरानं भरला. मी रेस सोडायला तयार नव्हते.

बाबांनी पुढचं दार उघडलं आणि बसले.

"तुम्ही कुठं?"

"बंद पडली तर धक्का कोण मारन?"

ते यवतमाळला आजवर आले नव्हते. आईला नळ्या लावलेलं त्यांना बघवणार नाही असं ते म्हणायचे, आणि आम्ही कधी आग्रह केला नव्हता. काच पुसायचं काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. माझ्यापुढची काच ते दुपट्ट्यानं पुसत राहिले आणि आतून पेट्रोलचे पट्टे पाडत राहिले. मी कुठंच गाडी थांबवली नाही. बंद करायची हिंमत नव्हती.

पोचलो तेव्हा पाळी सुरू झाली होती.

मी आत शिरले ती भांडायच्या तयारीत. बस नाही, तालुक्याला मशीन नाही, यात पेशंटचा काय दोष, सगळी वाक्यं तोंडाशी तयार. आईच्या बेडवर एक म्हातारा होता, कळंबच्या पलीकडून आलेला, आदल्या दिवसापासून बाहेर बाकावर बसलेला. त्याचे पाय आईच्या पायांसारखेच सुजलेले. नळीतून रक्त फिरायला लागलं होतं आणि त्याला झोप लागली होती. मी ती वाक्यं कोणाला ऐकवणार होते?

टेक्निशियन मला बाजूला घेऊन म्हणाला, "आज दुपारी घेतो त्यांना. ऑक्सिजन लावून बसवा तोवर. पण सकाळची पाळी आता नाही देता येणार, ताई. दुपारची पक्की हवी असेल तर आत्ता हो म्हणा, नाहीतर तीही जाईल."

मी हो म्हटलं. दुपारची पाळी, सोमवार-गुरुवार, पक्की. म्हणजे कोरड्या वेळी निघायचं. आता ओल्या सकाळी गाडी चालू झाली काय आणि नाही झाली काय, कोणाला फरक पडणार नव्हता. आणि संध्याकाळी उशिरा परत. संघटनेच्या सगळ्या बैठका दुपारच्या असतात, सभा संध्याकाळच्या. व्हरांड्यातून मी फोन लावला आणि पुसदचं तिसऱ्यांदा नाही कळवलं. पलीकडच्या कार्यकर्त्यानं विचारलं, "काही मार्ग निघत नाही का?" मी म्हटलं, "मार्गावर तर पत्रक काढलं होतं." तो हसला. मला नाही हसू आलं.

दुपारी आईला आत घेतलं. ती आपली म्हणाली, "बरंच झालं. सकाळी सडा तरी टाकून होईन हातानं." बाबा दाराच्या काचेतून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले.

मशीनची चक्रं फिरत होती, नळीतून आईचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. बाबांनी ते सगळं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग टेक्निशियनला विचारलं, "पावसायात चालू व्हाले तरास देते का हे?"

"नाही हो काका," तो पोरगा हसून म्हणाला. "खोलीत एसी आहे ना. बसा तुम्ही, तो स्टूल घ्या."

"बसा ना," आईही म्हणाली.

"नाही. बरा हाओ उभा."

ते उभेच राहिले, पाळी संपेपर्यंत, मशीनपासून हातभर लांब. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.